डिजिटल नागरिकत्व शिक्षण
इंटरनेट सुरक्षितपणे, जबाबदारीने व कायद्याची जाण ठेवून वापरण्याचे शालेय शिक्षण. ओटीपी, पासवर्ड गुप्त ठेवणे, अनोळखी विनंत्या नाकारणे, ऑनलाइन छळाचे पुरावे जपून मोठ्यांना सांगणे आणि मजकूर टाकण्यापूर्वी वा पुढे पाठवण्यापूर्वी परिणामांचा विचार करणे ही त्याची प्रमुख अंगे. समाजमाध्यमांवरील वादग्रस्त स्टेटसवरून कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी हिंसाचार झाला, इंटरनेट सेवाही बंद करावी लागली. शेवटच्या अंगाची निकड त्यातून दिसते. मुलांच्या लैंगिक चित्रणाचे प्रसारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-ब नुसार गुन्हा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. मदतीसाठी बाल हेल्पलाइन १०९८. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३०.