सम्राट अशोकाचे राज्य आणि धम्म : शिलालेख काय सांगतात



जयंतीच्या सभेत किंवा वर्षावासाच्या प्रवचनात सम्राट अशोकाचं नाव निघालं की गोष्ट ठरलेली असते. कलिंगच्या रणांगणावर रक्ताचे पाट पाहिले, तलवार फेकून दिली आणि बुद्धाला शरण गेला. मुलं टाळ्या वाजवतात. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण राजाने स्वतः खडकावर काय कोरून ठेवलं ते वाचलं, तर माणूस वेगळा दिसतो आणि माझ्या मते गोष्टीतल्यापेक्षा मोठा दिसतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हापासून हे शब्द वाचायला मोकळे आहेत.

कलिंगचं युद्ध राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास झालं. तेराव्या शिलालेखात राजा आकडे देतो : दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. आणि याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं तो लिहितो. जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या विजयाबद्दल असं लिहून ठेवल्याचं दुसरं उदाहरण प्राचीन इतिहासात शोधावं लागेल. पण बदल एका दिवसात झाला नाही. दुसऱ्या एका लेखात तो सांगतो की अडीच वर्षांहून जास्त काळ मी उपासक आहे, पण सुरुवातीला नेटाने प्रयत्न केला नाही. संघाच्या जवळ आल्यावर वर्षभरात केला.

आता अवघड गोष्ट. पश्चात्ताप झाला, पण कलिंग परत दिलं नाही. सैन्य मोडलं नाही. त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या टोळ्यांना बजावलं आहे की राजाला दुःख होत असलं तरी त्याच्या हातात दंड आहे. आणि हा लेख गिरनारला आहे, काळसीला आहे, पार वायव्येला शाहबाजगढीला आहे. कलिंगमध्ये मात्र नाही. ओडिशात भुवनेश्वरजवळ धौली आणि गंजाम जिल्ह्यात जौगड इथल्या खडकांवर अकरा, बारा आणि तेरा हे लेख गाळलेले आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांच्यासमोर मेलेल्यांचा आकडा मांडला नाही. यात राजकारण होतं, असं मला वाटतं.

मग त्या जागी काय कोरलं? तिथे दोन वेगळे लेख आहेत, तोसली आणि समापा इथल्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना उद्देशून. त्यात राजा म्हणतो की सगळी माणसं माझी लेकरं आहेत. तुम्ही हजारो जीवांवर नेमलेले आहात, पण माझा हेतू तुम्हाला पुरता समजलेला नाही. विनाकारण माणसाला कोंडलं जातं, छळलं जातं, हे थांबलं पाहिजे. मग तो अधिकाऱ्याचे दोष मोजतो : मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, चिकाटी नसणं, आळस, थकवा. साच्यावर पाळ्या काढलेला माणूस ही यादी वाचून थांबतोच. साहेबाची नोटीस गेटवर चांगली लागते. खात्यात जॉबरच्या हातात आली की तिचं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. अशोकाला हे कळत होतं. म्हणून दर पाच वर्षांनी तपासणीला वरिष्ठ पाठवीन आणि उज्जैन व तक्षशिलेहून तीन वर्षांच्या आतच पाठवले जातील, असं लिहिलं. आणि हा लेख दर तिष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचावा. ऐकायला एकच माणूस असला तरी वाचावा. म्हणजे अधिकाऱ्याला दिलेला हुकूम रयतेच्या कानावर घातला. धम्म त्याच्या राज्यात काय काम करत होता याचा खरा पुरावा मला इथे दिसतो : राज्य करणाऱ्याच्या हाताला लगाम.

फाशी मात्र बंद झाली नाही. चौथ्या स्तंभलेखात देहदंडाच्या कैद्याला तीन दिवसांची मुदत दिली आहे, एवढंच. पण त्याच लेखात न्यायाच्या कामात समता आणि शिक्षेत समता हवी असं म्हटलं आहे. ‘समता’ हाच शब्द. बावीसशे वर्षांपूर्वीचा.

राजा स्वतः बौद्ध होता यात शंका नको. बैराटच्या लेखात तो बुद्ध, धम्म, संघ यांच्यावरची श्रद्धा सांगतो. लुंबिनीला स्वतः गेला, गावाचा बळी नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला वाटा आठव्या भागावर आणला. संघात फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रं घालून बाहेर राहायला लावा, असा हुकूमही काढला. पण रयतेवर बुद्ध धम्म लादला नाही. बराबरच्या डोंगरातल्या गुहा आजीवकांना दिल्या. धम्म-महामात्रांनी संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ या सगळ्यांकडे पाहायचं होतं. आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना जीभ आवरा, हे बाराव्या लेखात आहे. ब्राह्मणांना दान द्या हे वाचून आपल्यातल्या काहींना खटकतं. खटकू द्या, पण लेख लपवू नका. बारावा लेख वाचल्याशिवाय अशोक अर्धाच कळतो.

आणि भावांना मारून गादी घेतली ही जी ग्रंथातली कथा, तिच्याबद्दल एक. पाचव्या लेखात, अभिषेकाला तेरा वर्षं होऊन गेल्यानंतर, राजा आपल्या भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख करतो. सगळे भाऊ मारले असते तर ही घरं कुणाची?

अभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षी कोरलेला सातवा स्तंभलेख म्हणजे त्याचा हिशोबच आहे. वड लावले, विहिरी खणल्या, हे सांगून तो म्हणतो की माणसं धम्मात पुढे जातात ती दोन वाटांनी, नियमाने आणि समजुतीने; त्यात नियमाचा उपयोग थोडा, समजुतीचा जास्त. तो स्तंभ फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून दिल्लीला आणवला, अजून उभा आहे.

दिल्ली लांब. पण आपल्या जवळ नालासोपारा आहे. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये नवव्याचा. आठव्या लेखात गंमत आहे : पूर्वीचे राजे शिकारीसाठी ‘विहारयात्रा’ काढत, मी मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. म्हणजे तेव्हा ‘विहार’ शब्दाचा एक अर्थ मौजमजा असाही होता! सोपाऱ्याच्या लेखाचा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अक्षरं झिजली आहेत, तरी मुलांना ‘क’ ओळखता येतो, अधिकच्या चिन्हासारखा असतो.