यादीतली मुलं

डेटाबेसमध्ये रेकॉर्ड शोधायचा तर आपण आधी की बघतो. वसाहतकाळातल्या अमेरिकेत आपला जर्मन पूर्वज शोधणाऱ्याची इथेच पंचाईत होते, कारण नावाचा भरवसाच नाही! इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. म्युलरचा मिलर कधी झाला, कळतही नाही.

१७१० साली राइनकाठचे दोन हजारांहून जास्त जर्मन निर्वासित न्यूयॉर्कला आले. ब्रिटिश आरमारासाठी डांबर बनवायला गव्हर्नर रॉबर्ट हंटरने त्यांना हडसन नदीकाठी वसवलं. त्यांच्या शिधावाटपाच्या याद्या आजही आहेत. पण त्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. पुढे दहा वर्षांवरचे इतके, खालचे इतके. बाकी घर म्हणजे नुसते आकडे.

मग मुलांची नावं? ती दुसऱ्याच यादीत मिळतात. १७१० ते १७१४ मध्ये हंटरने अनाथ मुलं, आणि आईबाप हयात असलेलीसुद्धा, परक्या घरी कामाला बांधून दिली. त्या यादीत मुलाचं नाव, वय, पालक, गाव, सगळी फील्ड्स भरलेली! कॉनराड वायझरचे दोन भाऊ असेच लाँग आयलंडला गेले. वडील वारलेला जॉन पीटर झेंगर एका मुद्रकाकडे गेला. तोच पुढे १७३५ च्या गाजलेल्या वृत्तपत्र-खटल्यातून निर्दोष सुटला.

म्हणजे बघा, आईजवळ राहिलेलं पोर शिध्याच्या यादीत आकडाच राहिलं. तिच्यापासून तोडलं, त्याचं मात्र नाव नीट लिहिलं गेलं. तीनशे वर्षांनी वंशजाला ‘सापडला!’ म्हणून आनंद होतो खरा, पण तो ज्या ओळीत सापडतो, ती त्याच्या ताटातुटीची नोंद असते.