‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या सभेत जमाखर्च वाचताना आकडा जुळेना. मी सहज म्हणून गेले, “लिहिणाऱ्या बाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला वाटते!” साऱ्याजणी हसल्या, पण त्या बाईंचे तोंड उतरले. घरी आल्यावर मनात आले, ज्या आनंदीबाईच्या नावाने आपण हे बोलतो, तिचा अपराध तरी कधी शाबीत झाला आहे काय?

हकीकत सर्वांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणेशोत्सवाचे दिवस. पुण्याच्या शनिवारवाड्यात सुमेरसिंग वगैरे गारदी हत्यारे घेऊन शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे चुलते रघुनाथरावांकडे धावले व त्यांना बिलगले, तरी वाचले नाहीत. आड आलेला सेवक चाफाजी टिळेकर मारला गेला. दासीही मेल्या, त्यांची नावे आज कोणी घेत नाही.

मारणारे कोण हे उघड होते. हुकूम कोणाचा, हा खरा प्रश्न. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविले व देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. ‘धरावे’ एवढीच आपली आज्ञा होती, असे रघुनाथरावांचे म्हणणे. मग ‘मारावे’ कोणी केले? लोकांनी बोट दाखविले ते त्यांच्या पत्नीकडे. ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात ही गोष्ट छापली व ती पक्की झाली. परंतु तो कागद आज कोणाच्याही हाती नाही. शिवाय ‘ध’ चा ‘म’ करून भागत नाही, काना वेगळा द्यावा लागतो!

आनंदीबाई निर्दोष होती, असे मी म्हणत नाही. पुरावा नाही, एवढेच म्हणते. ती १७९४ साली वारली, पण आरोप अजून जिवंत आहे. शास्त्र्यांनी दोषी ठरविलेल्या नवऱ्याला मात्र आपण ‘राघोभरारी’ म्हणून गौरवितो.

ही रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत फॉल रिव्हर गावी १८९२ साली लिझी बोर्डन हिच्या वडिलांचा व सावत्र आईचा कुऱ्हाडीने खून झाला. १८९३ साली न्यायालयाने लिझीला निर्दोष सोडले. खुनी अखेरपर्यंत सापडला नाही, पण मुलांच्या गाण्यात कुऱ्हाड तिच्याच हाती राहिली.

खुनाचा उलगडा न झाला की लोकांना चैन पडत नाही. मग एखादे नाव लागते, आणि बाईचे नाव लवकर सापडते.

असो. आपल्या जमाखर्चाचे पुढे काय झाले तेही सांगते. वही पुन्हा तपासली तेव्हा चूक माझ्याच बेरजेची निघाली. त्या बाईंच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, पण सभेतले ते हसू काही मला परत घेता आले नाही.