ओरखडा काढण्याची कुळकथा

गेमच्या डिस्कवरचा ओरखडा खरं म्हणजे भरला जात नाही. ओरखडा जेवढा खोल, तेवढं आजूबाजूचं धडधाकट प्लास्टिक घासून काढायचं आणि मग ती जागा पुन्हा चकचकीत करायची, एवढीच ही कला. घासायला प्लास्टिक शिल्लक असेल तोवरच ती चालते.

फिलिप्स आणि सोनीची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली, तेव्हा तिची जाडी १.२ मिलिमीटर होती. माहिती असते ती वरच्या, छापील चित्राच्या अंगाला, पातळ लॅकरखालच्या अॅल्युमिनियमच्या झिलईत. लेझर खालून शिरतो आणि सगळं पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक ओलांडून तिथे पोचतो. शिरताना त्याचा ठिपका जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो, झिलईपाशी दीड-दोन मायक्रॉनचा होतो. त्यामुळे खालच्या पृष्ठभागावरचा बारीक चरा त्याला फारसा अडवत नाही. लोक जपतात ती खालची बाजू. खरी नाजूक चित्राची. तिथे खरवडलं तर झिलईच उडते आणि त्यावर कोणाकडेच इलाज नाही.

जाडीच्या जोडीला गणितही होतं. अरविंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या अमेरिकनांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीच्या आधारे सीडी प्लेअर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत हरवलेला मजकूर पुन्हा जुळवतो. पण ही लांबी माहितीच्या मार्गावर मोजायची. मधून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यात जरासाच आड येतो. गोलाकार चरा मात्र मार्गाबरोबर धावतो आणि सलग मजकूर गिळतो. डिस्क गोल गोल पुसू नये, मधून कडेकडे पुसावी, असं सांगतात ते यासाठी.

गाण्यात एखादा क्षण हरवला तर प्लेअर आजूबाजूचं बघून अंदाज बांधतो. गेमच्या प्रोग्रॅममध्ये अंदाज चालत नाही. म्हणून सीडी-रॉमच्या २३५२ बाइटांच्या नेहमीच्या तुकड्यात कामाचे बाइट २०४८ च. उरलेल्यांपैकी २७६ केवळ चुका दुरुस्त करायला राखून ठेवले. पीसी एंजिन या गेमयंत्राने १९८८ मध्ये सीडी आणली, १९९४ मध्ये प्लेस्टेशन आलं आणि डिस्क पोरांच्या हाती गेली. इतकी तजवीजही मग अपुरी पडू लागली.

परदेशात गेम भाड्याने देणाऱ्या दुकानांनी घासायची यंत्रं घेतली. घरोघरी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे, घासतो तो पेस्टमधला बारीक चुरा) आणि ब्रासो. आपल्याकडेही शाळेत एनसीसीचे बिल्ले चमकवणाऱ्यांना ब्रासो नवा नव्हता. हलक्या चऱ्यांवर हे उपाय चालतात. मात्र पेस्ट लावून बोट गोल गोल फिरवलं, तर नको तीच दिशा मिळते.

सगळ्यात वाईट गोल चरा ‘एक्सबॉक्स ३६०’ या गेमयंत्राच्या काळात गाजला. डिस्क फिरत असताना यंत्र हललं की वर्तुळाकार खाच पडते, अशी ग्राहकांची तक्रार होती. २०१७ मध्ये हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तिथे निकाल लागला तो अपिलाच्या नियमांवर. ओरखडा बाजूलाच राहिला.

डीव्हीडीत माहिती डिस्कच्या जाडीच्या मध्यात गेली, म्हणून वरून ती सुरक्षित झाली, पण खालून घासायला ०.६ मिलिमीटरच उरलं. प्लेस्टेशन २ (पीएस२) च्या बहुतेक डिस्क या जातीच्या. ब्लू-रेने हे अंतर ०.१ मिलिमीटरवर आणलं. इतका पातळ थर उघडा ठेवणं शक्य नव्हतं. सोनीच्या पहिल्या ब्लू-रे डिस्क तर डबीत बंद असत. नंतर टीडीके कंपनीने कठीण लेप बनवला आणि डबी गेली. या लेपावर सहजासहजी चरा पडत नाही. पण पडलाच, तर पॉलिश लेपच खरवडून काढतं.

तेव्हा पीएस३ आणि त्यानंतरच्या ब्लू-रे डिस्क कोणी घासून देतो म्हणाला, तर देऊ नका. मऊ ओलसर फडक्याने मधून कडेकडे पुसा. तरीही चालली नाही, तर दुसरी घ्या.