दानाची जमीन, नेमणुकीची जागा

25 मार्च 2023 रोजी बेंगळुरूच्या के. आर. पुरमपासून व्हाइटफील्डपर्यंतची मेट्रो सुरू झाली. अंतर पावणेचौदा किलोमीटरच्या आसपास. आज या मार्गावर आयटी कंपन्यांकडे जाणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यात मराठीही सहज कानावर पडते. पण व्हाइटफील्ड हे गाव मुळात ख्रिस्ती माणसांच्या एका राजकीय मागणीतून उभे राहिले. मद्रासमध्ये 1879 साली युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची संघटना काढणाऱ्या डी. एस. व्हाइट यांचे नाव या गावाला मिळाले. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 साली या समाजाच्या शेती-वसाहतींसाठी सुमारे 3,900 एकर जमीन दिली. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर म्हैसूर वडियारांच्या हाती परत आले ते 1881 साली, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी, आणि तेव्हा महाराजांचे वय विशीच्याही आत होते. इंग्रजांच्या मर्जीने नुकतीच गादी मिळालेल्या राजाने इंग्रजी रक्ताच्या समाजाला जमीन द्यावी, यात उदारपणाइतकाच हिशेबही असणार. इनर सर्कल आणि आउटर सर्कल अशी वर्तुळाकार आखणी झाली, चर्च उभी राहिली. शेतीची वसाहत म्हणून मात्र ती कधी भरभराटीला आली नाही.

ख्रिस्ती लोकांनी सरकारवर वजन ठेवावे का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य देशांच्या उदाहरणांवरून चर्चिला जातो. तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, त्यामुळे ती उदाहरणे इथे फारशी उपयोगाची नाहीत. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती 1.87 टक्के होते आणि महाराष्ट्रात एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान समाजापुढे दोन वाटा होत्या आणि भारतीय ख्रिस्ती लोकांनी त्या दोन्ही चालून पाहिल्या. एक, सत्ताधाऱ्याकडून राखीव स्थान मागून घ्यायचे. दुसरी, सर्वांच्या मतपेटीत उतरायचे. ख्रिस्ती लोकांनी राजकीय वजन मिळवावे, पण दुसऱ्या वाटेने, असे मला इतिहासावरून वाटते.

पहिल्या वाटेचा शेवट बेंगळुरूतच पाहायला मिळतो. अँग्लो-इंडियन समाजाला रेल्वे, टपाल आणि तार खात्यांत इंग्रजांनी नोकऱ्या दिल्या. पुढे हेन्री गिडनी यांनी गोलमेज परिषदेत या समाजाची बाजू मांडली आणि 1931 च्या अल्पसंख्याकांच्या करारावर सहीही केली. स्वातंत्र्यानंतर फ्रँक अँथनी यांच्या खटपटीने राज्यघटनेत 331 आणि 333 ही कलमे आली. लोकसभेत दोन जणांची नेमणूक राष्ट्रपती करणार आणि विधानसभेत राज्यपाल. मुदत दहा वर्षांची होती, ती वाढत वाढत सत्तर वर्षांवर गेली. मे 2018 मध्ये कर्नाटकात बहुमत कोणाचे हा पेच पडला, तेव्हा ही नेमणुकीची जागा म्हणजे विश्वासदर्शक ठरावाच्या आधी हाताशी येणारे एक जादा मत ठरू शकत होती. सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की बहुमत सिद्ध होईपर्यंत अँग्लो-इंडियन सदस्य नेमू नका. त्या खटल्यात अँग्लो-इंडियन समाजाचे म्हणणे काय, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. वाद दोन पक्षांचा होता आणि जागा त्यांच्यातली एक सोंगटी. 25 जानेवारी 2020 पासून 104 व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद संपली. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात अवघे 296 अँग्लो-इंडियन उरले आहेत, असे केंद्रीय मंत्र्यांनी संसदेत सांगितले. तो आकडा चुकीचा असल्याचे खासदारांनी तिथेच ठासून सांगितले, पण निर्णय फिरला नाही. मागे मतदारच नसले की आकडा खोडून काढूनही काही साधत नाही.

दुसरी वाट धरणाऱ्यांची नावे आपल्याकडे कमी घेतली जातात. वायएमसीएचे के. टी. पॉल आणि त्यांच्यानंतर गोलमेज परिषदेला गेलेले सुरेंद्रकुमार दत्त या दोघांनी विभक्त मतदारसंघांना विरोध केला. विभक्त मतदारसंघ मागणाऱ्या 1931 च्या त्या करारावर ख्रिस्ती समाजाच्या वतीने पन्नीरसेल्वम यांनी सही केली, दत्त वेगळे राहिले. तरीही 1935 च्या कायद्याने विभक्त जागा दिल्याच. मुंबई इलाख्यात भारतीय ख्रिस्ती लोकांना तीन मिळाल्या. घटना समितीत मात्र वारे फिरले. अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याचा ठराव 11 मे 1949 रोजी सल्लागार समितीत मांडला तो हरेंद्रकुमार मुखर्जी या बंगाली ख्रिस्ती नेत्याने, आणि सभागृहात जेझुइट फादर जेरोम डिसूझा यांनी त्याला पाठिंबा दिला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 1948 मध्ये, धर्मप्रसाराचा हक्क पंचविसाव्या कलमात ठेवायचा की नाही यावर वाद झाला होता. तो हक्क राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुनशी, टी. टी. कृष्णमाचारी आणि लक्ष्मीकांत मैत्र होते. तिघेही हिंदू. विभक्त मतदारसंघाचा आग्रह सोडलेल्या समाजासाठी इतरांना उभे राहणे सोपे गेले, असे मला दिसते.

यावरचा सर्वांत जड आक्षेप दलित ख्रिस्ती लोकांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. ख्रिस्ती झालेला महार किंवा मादिग शाळेत, नोकरीत, निवडणुकीत त्यांतून बाहेर पडला. मुखर्जींनी जागा सोडल्या, पण किंमत चुकवली ती ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांनी. हे खरेच आहे. पण त्यावरून राखीव जागा असत्या तर हे टळले असते, असा निष्कर्ष निघत नाही. अँग्लो-इंडियन नेमणुका त्या आदेशाच्या शेजारी सत्तर वर्षे होत राहिल्या आणि ख्रिस्ती लोकांपुरता आदेश जसाच्या तसा राहिला. 1956 साली शिखांना त्यात घेतले, 1990 साली बौद्धांना. बौद्धांना विधिमंडळात धर्माच्या नावाने एकही जागा नव्हती. त्यांच्याकडे आंबेडकरी चळवळ होती, मते होती आणि ती मते आपल्याला हवी आहेत हे ओळखणारे सरकार दिल्लीत आले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावायला नको. चर्चने 10 ऑगस्टला काळा दिवस पाळला, निवेदने दिली, न्यायालयाचे दार ठोठावले. पण दलित ख्रिस्ती आणि इतर दलित एकत्र मतदान करतील अशी बांधणी त्या प्रमाणात झाली नाही. उतरंडीच्या वरच्या थरातल्या पुढाऱ्यांना ती नकोच होती काय, असा संशय घ्यायला जागा आहे.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो: येशूचे राज्य या जगाचे नाही, मग त्याच्या अनुयायांनी सत्तेच्या मागे का लागावे? बेंगळुरूत 1957 साली ख्रिस्ती धर्म आणि समाज यांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. पी. डी. देवानंदन तिचे पहिले संचालक, आणि त्यांच्यानंतर एम. एम. थॉमस. ख्रिस्ती माणसाने राष्ट्रउभारणीत इतरांबरोबर, इतरांच्याच भाषेत भाग घ्यावा, स्वतःचा पक्ष काढू नये, ही थॉमस यांची भूमिका. आणीबाणीवर त्यांनी उघड टीका केली. पुढे ते नागालँडचे राज्यपाल झाले, म्हणजे नेमणुकीची खुर्ची त्यांनीही घेतली. पण समाजाचा वाटा म्हणून नव्हे. राजकारणापासून अलिप्त राहण्याचा उपदेश मला फारसा प्रामाणिक वाटत नाही. जमीन, शाळांची अनुदाने, रुग्णालयांच्या परवानग्या यांसाठी चर्चला सरकारदारी जावेच लागते. मतदार म्हणून गेले नाही तर अर्जदार म्हणून जावे लागते, इतकाच फरक.

याच शहरातल्या सेंट पीटर्स सेमिनरीत पाद्री होण्यासाठी आलेला मंगळुरूचा एक मुलगा तिथली पंक्तिभेदाची जेवणे पाहून बाहेर पडला आणि मुंबईला गेला. 1967 साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांना कोणी ख्रिस्ती उमेदवार म्हणून मत दिले नव्हते. त्यांचे राजकारण ख्रिस्ती होते की नाही यावर पाद्री वाद घालोत. मुंबईच्या कामगाराला तो प्रश्न पडला नाही.

त्याच वर्षी, 16 जानेवारीला, गोव्यात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा कौल झाला. महाराष्ट्रात अजूनही अनेकांना वाटते की जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोअन्सने तो ख्रिस्ती मतांवर जिंकला. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मते पडली आणि बाजूने 1,38,170. ख्रिस्ती तेव्हा गोव्यात निम्म्याहून कमी होते. कोकणीच्या आणि वेगळ्या गोव्याच्या प्रश्नावर हिंदू मतदारांचा एक भाग सोबत आला, म्हणून 34,021 चे अंतर पडले. चर्चच्या नावाने प्रचार झाला असता तर हे गणित उलटले असते.

कर्नाटकाचा अलीकडचा अनुभवही याच दिशेचा आहे. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेत मंजूर झाले, मे 2022 मध्ये अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये कायदा झाला. आर्चबिशप पीटर मचाडो यांनी विरोध केला, रस्त्यावर मोर्चे निघाले, त्यांत बिगर-ख्रिस्ती संघटनाही होत्या. तरीही कायदा झालाच. मग मे 2023 ची निवडणूक झाली आणि नव्या मंत्रिमंडळाने जूनमध्ये तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या मंत्रिमंडळात के. आर. पुरमला लागून असलेल्या सर्वज्ञनगरचे आमदार के. जे. जॉर्ज होते. 2008 पासून चार वेळा ते तिथून निवडून आले, आणि त्या मतदारसंघात ख्रिस्ती, मुसलमान, तमिळ, कन्नड सगळ्यांची मते मागावी लागतात.