पाहुण्यांची पाठवण

लग्नसमारंभांत वधूची पाठवण सर्वांच्या लक्षांत राहते. पाहुण्यांच्या पाठवणीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. वास्तविक ज्या मंडळींनीं कामधंदा टाकून, उन्हातान्हांतून येऊन वधूवरांवर अक्षता टाकल्या, त्यांना रिकाम्या हातीं परत जाऊं देणें आपल्याकडील कोणत्याही घराला प्रशस्त वाटत आलेलें नाहीं. विड्यापासून स्टीलच्या डब्यापर्यंत या निरोपाच्या भेटीचीं रूपें पुष्कळ बदललीं. त्या बदलांत लोकांची हौस जशी दिसते, तशी त्यांची ऐपत, त्यांचें कर्ज आणि मानापमानाच्या त्यांच्या कल्पनाही दिसतात. खानदेशांत, म्हणजे आजच्या जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांत, हा इतिहास विशेष स्पष्टपणें वाचतां येतो.

या भेटींपैकीं जुनी आणि सर्वांत स्वस्त भेट म्हणजे विडा. पान, सुपारी, चुना, कात आणि ऐपत असल्यास एखादी लवंग किंवा वेलदोडा, एवढेंच त्याचें भांडवल. परंतु त्याचा अर्थ मोठा होता. दरबारांत अत्तरगुलाब व विडे आले कीं सभा संपली असें समजावयाचें. ज्याला विडा मिळाला त्याला सन्मानपूर्वक जाण्याची परवानगी मिळाली. मराठी कागदपत्रांत ‘निरोपाचे विडे’ हा शब्दप्रयोग याच अर्थानें येतो. लग्नघरींही पंगत उठली, विडे वांटले, कीं पाहुणा मोकळा होई. विड्याची खरी थोरवी त्याच्या समतेंत होती. सावकाराच्या हातीं पडणारें पान आणि त्याच्या कुळाच्या हातीं पडणारें पान एकाच वेलीचें असे.

याच्या शेजारीं दुसरी एक रीत नांदत होती, ती वस्त्रांची. शिरपाव, शेला, पागोटें हीं वस्त्रें ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणें द्यावयाचीं. सन १७८३ च्या आरंभीं पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें. त्या लग्नाच्या व्यवस्थेची याद प्रसिद्ध आहे. पाहुण्यांच्या स्वागताचा आणि बडदास्तीचा विचार तींत बारकाईनें केलेला आढळतो. राज्याच्या लग्नांत प्रत्येकाचा मान मोजून ठेवणें हा कारभाराचाच भाग होता. असे जुने कागद गोळा करण्यांत ज्यांनीं आयुष्य वेचलें आणि भारतीय विवाहसंस्थेचा इतिहासही ज्यांनीं लिहिला, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच निवर्तले. त्यांचें कार्य चालविण्यासाठीं पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. विडा आणि वस्त्र, म्हणजे सर्वांना सारखा मान आणि पायरीप्रमाणें मान, हे दोन प्रवाह लक्षांत ठेवले म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सोपा जातो.

खेड्यांतील लग्नाला दरबारचा थाट परवडणारा नव्हता. परंतु तेथील लोकांनीं थोडक्या पैशांत गोड वाटेल असें पुष्कळ कांहीं शोधून काढलें होतें. लग्नाच्या आधीं कासाराला घरीं बोलावून घरच्या व आल्यागेल्या बायकांना बांगड्या भरण्याची चाल सर्वत्र होती. कांचेची बांगडी स्वस्त. पण ती हातांत असेपर्यंत त्या लग्नाची आठवण हातांतच किणकिणत राही. सुवासिनींची ओटी खणानारळानें भरली जाई. दूरच्या गांवाहून बैलगाडीनें आलेल्या वऱ्हाडाला परतीच्या वाटेची शिदोरी बांधून देत. ही शिदोरी म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. वाटेंत खाणावळ नाहीं, मुक्काम लांबचा, अशा वेळीं दोन लाडू व चार पुऱ्या हीच खरी भेट असे. भेटवस्तु ज्याला द्यावयाची त्याच्या गरजेंतून ती उत्पन्न झाली म्हणजे तिला शोभा येते, हें त्या अशिक्षित समजल्या जाणाऱ्या माउलींना पुस्तक न वाचतां कळलें होतें. या चालींत एक उणीव मात्र मोठी होती. बांगडी आणि ओटी सुवासिनींपुरती. त्याच मांडवांत सकाळपासून राबणारी विधवा या मानाला मुकत असे.

पुढें कापसानें खानदेशाचें नशीब पालटलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि येथील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडीही खानदेशांत पोहोंचली, आणि जळगांवची पेठ कापसाच्या व्यापारावर वाढूं लागली. युद्ध संपतांच भाव कोसळले. हातांत खेळलेला पैसा गेला आणि कर्ज उरलें. दख्खनच्या इतर भागांतही शेतकऱ्याची हीच अवस्था होती. १८७५ मध्यें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हां सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. शेतकरी लग्नांत उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असें त्या काळीं पुष्कळ लोक छातीठोकपणें सांगत. कमिशननें मात्र असा निष्कर्ष काढला कीं, लग्नखर्चाला वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे. बैल, बियाणें, सारा आणि पोटाचा खर्च यांसाठीं वारंवार काढलेल्या लहान लहान रकमाच कर्ज अधिक फुगवितात.

जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत हाच आक्षेप खोडून काढला आहे. शेतकऱ्याचें लग्न म्हणजे केवढी मोठी चैन, असें म्हणणाऱ्यांना त्यांनीं त्या लग्नांतील खरें दारिद्र्य दाखवून दिलें. परंतु शेतकऱ्यावरील आरोप खोटा म्हणून खर्च वाढवावा, असें फुल्यांनीं कधींही म्हटलें नाहीं. उलट सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजीं झाल्यावर तीनच महिन्यांनीं, २५ डिसेंबर रोजीं, सीताराम जबाजी आल्हाट व राधाबाई निंबणकर यांचा विवाह नव्या पद्धतीनें लागला. पुरोहित नाहीं, हुंडा नाहीं. वधूवरांनीं परस्परांस वचनें दिलीं. खर्च म्हणाल तर पानसुपारीपलीकडे विशेष कांहीं नव्हता. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जेथें बाकीचे सर्व खर्च गळाले, तेथेंही पाहुण्यांचा विडा राहिला. काटकसर करावयाची ती डामडौलाची. आलेल्या माणसाच्या आदराची नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जळगांवास आणि पुढें अमळनेर, धुळें, चाळीसगांव येथें कापडाच्या गिरण्या निघाल्या. गिरणीचें कापड स्वस्त झालें आणि वस्त्रांचा मान, जो पूर्वीं मोठ्या घरांपुरता होता, तो सामान्य घरांतही शिरला. शिरपावाच्या जागीं टोपी आली, शेल्याच्या जागीं उपरणें आणि पुढें टॉवेल. आरंभीं यांत एक प्रकारची लोकशाहीच होती. उन्हांत राबणाऱ्या माणसाला डोक्यावर टोपी व खांद्यावर पंचा या उपयोगाच्याच वस्तु. परंतु हळूहळू त्यांत जुना दरबार परत आला. कोणाला फेटा, कोणाला नुसती टोपी. कोणाचें नांव आधीं पुकारलें, कोणाचें राहूनच गेलें. यावरून रुसवेफुगवे होऊं लागले. एका टोपीवरून व्याह्यांचीं तोंडें वर्षभर दोन दिशांना झालेलीं, असें पुष्कळ गांवांनीं पाहिलें आहे.

यांत भर पडली ती आहेराच्या वहीची. कोणाकडून काय आलें तें वहींत लिहावयाचें आणि त्याच्या घरच्या कार्यांत तेवढें किंवा कांकणभर अधिक परत करावयाचें. अडल्या वेळीं नातेवाइकांनीं एकमेकांना हात द्यावा, हा या वहीचा मूळ हेतु. मुलीच्या लग्नाला दहा घरांनीं भांडीं दिलीं तर तिचा संसार उभा राही. पण वस्तु वापरासाठीं न राहतां फेडीसाठीं राहिली म्हणजे तिचें काय होतें, याचें उत्तम उदाहरण लग्नांतील टॉवेल-टोपी होय. ती टोपी कोणी डोक्यावर घालीत नाहीं आणि त्या विरळ विणीच्या टॉवेलानें अंग पुसलें जात नाहीं. या मांडवांतून त्या मांडवांत त्यांचा प्रवास चालू असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं आणि त्यांवर देणाऱ्यांचीं नांवें कोरलीं जाऊं लागलीं. नांव कोरलेलें भांडें दुसऱ्याला देतां येत नाहीं, एवढा तरी त्याचा गुण म्हटला पाहिजे!

साध्या वस्तूंनींही पाहुण्यांचा गौरव करतां येतो, हें खानदेशानें एकदां साऱ्या देशाला दाखविलें आहे. डिसेंबर १९३६ मध्यें यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. तें कांहीं लग्न नव्हे. परंतु देशभरचे पाहुणे एका लहानशा गांवीं येणार, म्हणजे यजमानाची चिंता तीच. त्या नगराच्या सजावटीचें काम गांधीजींनीं शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपविलें. बोस यांनीं बांबू आणि गांवांत मिळणारें साधें सामान यांवरच भर दिला, आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठीं बैलांचा रथ सजविला. अधिवेशनासाठीं गांवोगांव हिंडून राबणाऱ्यांत साने गुरुजी होते. शोभा किंमतींत नसून योजनेंत असते, हा धडा त्या चार दिवसांत खानदेशानें दिला. त्या काळीं राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांत फुलांच्या हाराऐवजीं हातच्या सुताचा हार घालीत. फुलें संध्याकाळीं कोमेजत. सूत मागावर जाऊन त्याचें कापड होई.

तसाच दुसरा धडा धुळ्याचा. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. तींच पुढें ‘गीताप्रवचनें’ या नांवानें घरोघर गेलीं. अशीं थोड्या किंमतीचीं आणि जन्मभर पुरणारीं पुस्तकें मंडपाच्या दारीं देणारीं घरें आज महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आढळतात. १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ तर या कामीं फार शोभते.

परदेशांतही हा विचार निराळा नाहीं. इटलींत लग्नाच्या पाहुण्यांना साखरेंत घोळलेले पांच बदाम देतात. आरोग्य, संपत्ति, सुख, संतति व दीर्घायुष्य यांचीं तीं पांच चिन्हें. जपानांत मात्र पाहुण्यांना मोठमोठ्या भेटी देण्याची रीत आहे आणि तिचा भार यजमानाला चांगलाच जाणवतो. म्हणजे विडा आणि वस्त्र यांचें द्वंद्व तेथेंही आहेच.

आतां कित्येक निमंत्रणपत्रिकांवर ‘कृपया आहेर आणूं नये’ असें छापलेलें असतें, आणि टॉवेल-टोपी बंद करण्याचे ठरावही समाजाच्या सभांतून होऊं लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण यजमानाच्या मनांत, पाहुण्यांच्या हातीं कांहीं तरी ठेवावें, ही इच्छा राहतेच. ती दडपण्याचें कारण नाहीं. तिला नीट वळण लावावें म्हणजे झालें. प्रथम हिशेब करावा. पांचशें पाहुणे असतां माणशीं शंभर रुपयांची वस्तु दिली तर पन्नास हजार होतात. वीस रुपयांची दिली तर दहा हजार. मधले चाळीस हजार मुलीच्या शिक्षणाला, घराच्या कौलांना किंवा विहिरीच्या कामाला उपयोगी पडतात. नंतर आपल्याच मुलखाकडे पाहावें. कापसाच्या या देशांत जाड्या सुती कापडाची पिशवी सहज शिवून घेतां येते, आणि २०१८ मध्यें महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी झाल्यापासून ती रोज बाजारांत लागते. उन्हाळ्यांत घरोघर वाळणारे ज्वारीचे बिबडे, रावेर-यावलच्या केळीचे वेफर, नंदुरबारची मिरची यांची लहानशी पुडी त्या पिशवींत घातली तर परगांवच्या पाहुण्याला खानदेश आपल्या स्वयंपाकघरांत नेल्यासारखें वाटेल. हा माल बचत गटांतील बायकांकडून घेतला म्हणजे लग्नाचा आनंद आणखी चार चुलींपर्यंत पोहोंचतो.

अलीकडे रोपें वांटण्याची हौस वाढली आहे. हेतु उत्तम, परंतु खानदेशांतील लग्नें बहुधा चैत्र-वैशाखांत होतात. भुसावळ-जळगांवच्या त्या उन्हांत पाहुण्यांबरोबर चार तास एस. टी.त बसलेलें कोंवळें रोप घरीं पोहोंचेपर्यंत मान टाकतें. त्यापेक्षां गिलकें, दोडका, भेंडी यांच्या बियांची पुडी द्यावी. मृगाचा पाऊस पडला कीं ती पेरतां येते, आणि श्रावणांत वेलावर फळ लोंबूं लागलें म्हणजे लग्नाची आठवण आपोआप होते. शिवाय बियांना सुवासिनी आणि विधवा असा भेद ठाऊक नाहीं. विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें केला. पण ठरावाची वाट न पाहतां आपल्या मांडवाच्या दारीं प्रत्येक यजमानाला तो अमलांत आणतां येतो.

जुन्या विड्याचा आत्मा हाच होता: थोडें द्यावें, उपयोगाचें द्यावें आणि सर्वांना सारखें द्यावें. पान खाणें आज कमी झालें असेल. परंतु पान पुढें करणारा हात नम्र होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. पाहुणा घरीं गेल्यावर वस्तूची किंमत काढीत बसत नाहीं. मांडवाच्या दारीं कोणीं तरी थांबून आपल्याला ‘या पुन्हां’ म्हटलें कीं नाहीं, एवढेंच तो मनांत ठेवतो.