लिंडेनबर्गची टोपी, परदेशचे काड

बव्हेरियाच्या नैर्ऋत्य टोकाला, आल्गॉय प्रदेशात, बोडेन सरोवरापासून जवळच वसलेले लिंडेनबर्ग हे गव्हाच्या काडाच्या हॅटसाठी जर्मनीत प्रसिद्ध आहे. येथील घोड्यांचे व्यापारी आल्प्स ओलांडून इटलीत जात आणि काडाच्या वेण्या घालण्याची कला त्यांनीच तिकडून आणली, असे परंपरेने सांगितले जाते. १७५५ मध्ये येथे हॅटचा व्यापार करणारी पहिली कंपनी उभी राहिली. लांबलचक हिवाळ्यात शेतीला काम नसे. घरोघरी वेण्या घातल्या जात आणि त्या चक्राकार शिवून हॅट तयार होई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाई यंत्र आले आणि घरचे काम कारखान्यात गेले. पहिल्या महायुद्धापूर्वी लिंडेनबर्गमधून वर्षाला सुमारे ८० लाख हॅट बाहेर पडत. १९१४ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. मात्र एवढ्या मालाला स्थानिक काड आणि स्थानिक हात पुरणे शक्यच नव्हते. इटली, चीन आणि जपानमधून तयार वेण्यांची भेंडोळी येत. लिंडेनबर्गमध्ये त्यांची शिलाई होई, साच्यावर आकार दिला जाई आणि फीत लावली जाई. म्हणजे हॅट जर्मन, पण विणकाम परके. मूळ ठरवताना हा भेद विसरला की गिऱ्हाईक फसते, आणि आतल्या पट्टीवरचा शिक्का बहुधा शेवटच्या कामाचीच जागा सांगतो.

शिवलेल्या हॅटची प्रत वेणीवरून कळते. टस्कनीत सिन्या येथे १७१४ पासून डोमेनिको मिकेलाची याने गहू मुद्दाम दाट पेरून, दाणा पिकण्याआधीच उपटण्याची पद्धत रूढ केली. त्यातून बारीक, लवचीक काड मिळे. अशा काडाची वेणी अरुंद असते आणि तिच्या कडा सरळ जातात. स्वस्त मालात वेणी रुंद, टाके लांब आणि काडाची टोके आतल्या बाजूला बाहेर आलेली दिसतात. म्हणून हॅट आधी उलटी करून पाहावी. कागद वळून केलेल्या नकली वेणीचा रंग सर्वत्र एकसारखा असतो. खऱ्या काडाला चमक असते आणि छटांत थोडा फरक पडतोच.

पनामा हॅटचा प्रकार वेगळा. ती इक्वेडोरमध्ये तोकिया नावाच्या वनस्पतीच्या पानांच्या पट्ट्यांनी, माथ्याच्या मध्यापासून सुरुवात करून, सलग विणली जाते. तिला शिवण नसते. या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. युरोपात ती पूर्वीपासून बऱ्याचदा अर्धवट तयार स्थितीत येते आणि येथे तिला आकार दिला जातो. उजेडासमोर धरून एका इंचात किती ओळी बसतात ते मोजणे ही तिची जुनी कसोटी. मोंटेक्रिस्ती गावच्या उत्तम हॅटची कड कापून दुमडलेली नसते. पट्ट्या उलट आत विणून ती बंद केलेली असते. अंगठीतून हॅट ओढून दाखवण्याचा विक्रेत्यांचा खेळ मात्र फारसे काही सिद्ध करत नाही, उलट पान तडकण्याचा धोका असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डोक्यावर हॅट घालण्याची रीतच ओसरली आणि लिंडेनबर्गचे बहुतेक कारखाने बंद पडले. ओटमार राइख यांच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन हॅट संग्रहालय सुरू झाले.